नांदूरघाटची खुंटी

मला आयुष्यात एकच पत्र आले, आणि त्याचे उत्तर मी वेळेवर दिले नाही. त्याला बरीच वर्षे झाली. पत्र अजून माझ्या पाठीमागे, भिंत आणि मी यांच्यामधल्या फटीत आहे. साधे पोस्टकार्ड. एक कोपरा झुरळांनी खाल्ला आहे, पण अक्षर शाबूत आहे.

मित्रांनो, मी एक जुनी खुंटी आहे. बाभळीच्या लाकडाची, वीतभर लांब, टोकाला थोडी वर वळलेली. तुम्हाला हसू येईल. खुंटीला कोण पत्र लिहिते? आणि खुंटीने आपली कहाणी सांगावी, असे तिच्या आयुष्यात घडणार तरी काय? हा प्रश्न मलाही पडतो. एखाद्या तोफेने सांगावी, एखाद्या रथाने सांगावी. मी आपली भिंतीत निम्मी आणि बाहेर निम्मी. सांगताना कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म बीड शहरातला. तिथे सिदू नावाचे सुतार होते. ते बैलगाड्या दुरुस्त करत. गाडीच्या कामातून उरलेला बाभळीचा एक तुकडा त्यांनी बरेच दिवस पायाखाली ठेवला होता. त्यावर टाच रोवून ते रंधा मारत. पुढे त्यांना एका मोठ्या इमारतीच्या व्हरांड्यातल्या खुंट्यांचे काम मिळाले. सगळ्या खुंट्या सागवानाच्या करायच्या होत्या. शेवटच्या खुंटीला सागवान पुरले नाही, तेव्हा त्यांनी पायाखालचा तुकडा उचलला आणि तासला. म्हणजे रांगेतली शेवटची मी, आणि एकटी बाभळीची. बाकीच्या खुंट्यांनी मला तसे कधी बोलून दाखवले नाही. पण माझे मलाच वाटत राहायचे.

त्या इमारतीला सगळे गाव 'दुमजली' म्हणायचे. निजामाच्या काळात दौऱ्यावर येणाऱ्या अंमलदारांसाठी बांधलेला तो मुसाफिरखाना होता. काळा दगड, चुन्याचे काम, पुढे कमानींचा रुंद व्हरांडा. पायऱ्यांचे दगड मधोमध झिजून बशीसारखे झाले होते. नंतर शहरात कितीतरी दुमजली, तिमजली इमारती झाल्या. पण रिक्षावाल्याला 'दुमजली' म्हटले की तो इथेच आणून सोडायचा.

पहिल्या काळात आमच्यावर शेरवान्या टांगल्या जात. अत्तराचा वास असलेल्या, जड शेरवान्या. मग ते दिवस गेले, तिथे सरकारी कचेरी आली आणि आमच्यावर कारकुनांच्या पिशव्या आल्या. पुढे कचेरीही हलली. वरच्या मजल्याला कुलूप लागले आणि तिथे पारवे राहायला आले. खालच्या दालनात सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. माझ्या शेजारीच वाचनालयाची खिडकी होती. ज्यांना वाचता येत नव्हते अशी माणसे व्हरांड्यात बसत आणि आतून कोणीतरी मोठ्याने वर्तमानपत्र वाची. त्यामुळे मी चार शब्द शिकले. माझे बोलणे तुम्हाला पुस्तकी वाटले, तर त्याचे कारण ती खिडकी आहे.

आता माझ्या खऱ्या कामाविषयी सांगते.

दुमजलीच्या समोरच एसटी स्टँड होते. खेड्यांतली मुले-मुली शिकायला शहरात खोली करून राहत. खानावळ परवडत नसे. मग त्यांच्या आया पहाटे उठून भाकरी थापत, डबा भरत, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधत आणि गावच्या एसटीत कंडक्टरजवळ देत. डबा एकटा प्रवास करत बीडला येई. कंडक्टर सगळे डबे आमच्या व्हरांड्यात आणून ठेवी. व्हरांडा झाडणाऱ्या केसरबाई ते उचलून खुंट्यांवर टांगत. मुले वर्गातून आली की आपापला डबा काढून नेत, आणि संध्याकाळी रिकामा डबा परत टांगत. तो शेवटच्या गाडीने गावी जाई.

प्रत्येक गावाची खुंटी ठरलेली होती. कोणी ठरवून दिली नव्हती. चौसाळ्याच्या मुलांनी पायरीजवळची धरली. चकलांब्याच्या मुलांनी मधली धरली. नांदूरघाटची गाडी उशिरा यायची, म्हणून त्यांच्या वाट्याला उरलेली मी आले. तेव्हापासून मी नांदूरघाटची खुंटी. ज्या गावाची वेस मी कधी पाहिली नाही, ते माझे गाव झाले.

डबे घेताना केसरबाई कंडक्टरशी रोज भांडत. नांदूरघाटच्या गाडीवर बजरंग नावाचे कंडक्टर होते.

"बजरंग, आज डबा सांडलाय बघ. कालवन फडक्याला लागलंय."

"रस्ता सांडतोय बाई, मी न्हाई सांडत."

"मांडीवर घेऊन बस की."

"मांडीवर घेतला तर तिकिटं कोन फाडील? तुमी?"

भांडण संपले की केसरबाई कमानीत उभ्या राहून ओरडत, "चौसाळा आला, चकलांबा आला, नांदूरघाट आला." ते ऐकले की आपण गावोगाव पसरलो आहोत, असे मला वाटायचे. तेवढ्यापुरते एकटे वाटत नसे.

त्या काळात माझ्यावर दोन डबे टांगले जात. एक लखनचा. तो मेंढपाळाचा मुलगा. त्याचे वडील बंकट कळप घेऊन रानोमाळ फिरत. त्यांच्या घरात शिकायला आलेला तो पहिलाच. आई भामाबाई कळपामागे न जाता गावी थांबली होती, ती केवळ या डब्यासाठी. दुसरा डबा सत्यशीलाचा. तिचे वडील रामकिसन पाटील गावातले मोठे बागाईतदार. तिचा डबा स्टीलचा, चार कप्प्यांचा. लखनचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, झाकणाला पोचा आलेला. पण भूक लागल्यावर दोघांचे हात सारख्याच घाईने माझ्याकडे येत.

दिवाळीनंतर लखन आला नाही. तो कॉलेज सोडून, घरी न सांगता, पुण्याला कामाला गेला, असे त्याचे सोबती म्हणाले. आईला यातले काही ठाऊक नव्हते. तिचा डबा रोज येत राहिला. केसरबाई त्यातली भाकरी संध्याकाळी एखाद्या गाईला घालत, डबा विसळून परत टांगत आणि स्वतःशीच म्हणत, "त्या माउलीला कोन सांगनार? मी न्हाई सांगनार."

आणि मग एके दिवशी सत्यशीलाचा डबा आला नाही.

ती व्हरांड्यात आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग केसरबाईंकडे. केसरबाईंनी स्टँडकडे बोट दाखवले. बजरंग तिथेच बिडी ओढत होते. ते उठून आले आणि खाली बघत बोलले.

"पाटलांनी निरोप दिलाय, ताई. म्हनले, डबा घरीच हाय. घरी येऊन खा म्हनावं."

"आणि आई?"

"त्या दारात उभ्या होत्या. बोलल्या न्हाईत." बिडी विझवत बजरंग म्हणाले, "पाहुने येऊन गेलते परवा."

मित्रांनो, तुम्हाला कदाचित याचा अर्थ लगेच कळणार नाही. आमच्या भागात मुलीला शिक्षणातून काढायचे असले, तर काही वडील ओरडत नाहीत, आणायलाही येत नाहीत. डबा बंद करतात. भूक पोरीला आपोआप घरी आणते. घरी गेले की लग्न, आणि मग परीक्षा राहते ती राहतेच. सत्यशीलाची शेवटची परीक्षा उन्हाळ्यात होती. तोवर टिकली तर ती शिक्षिका होणार होती.

ती गेली नाही. पहिला दिवस तिने नळाच्या पाण्यावर काढला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने दिलेली अर्धी पोळी खाल्ली. मैत्रिणीचाही डबा एकटीपुरताच असे. तिसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात कोणी नव्हते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. लखनचा डबा टांगलेला होता. तिने हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. मग आपलाच डबा आहे अशा सहजपणाने फडके सोडवले आणि निघून गेली. पण गाठ सोडवताना बोटांनी दोनदा चुकीचेच टोक ओढले. ते मला कळले, कारण खुंटीला दुसरे काही कळत नसले तरी हात कळतो आणि वजन कळते.

हे आणखी एका माणसाने पाहिले. खिडकीच्या आत वाचनालयाचे ग्रंथपाल आदिनाथराव बसले होते. त्यांनी पाहिले आणि पटकन वर्तमानपत्रात मान घातली. ते पान त्यांनी नंतर बराच वेळ उलटले नाही.

संध्याकाळी डबा परत आला. असा डबा मी लखनच्या काळात कधी पेलला नव्हता. राखेने घासून चकचकीत केलेला. आणि तो पूर्ण रिकामा नव्हता. सत्यशीलाने त्यात चिमूटभर साखर टाकली होती. दुसऱ्याच्या घरचे भांडे रिकामे परत द्यायचे नाही, हे तिच्या आईने तिला लहानपणी शिकवले होते. चोरून खाल्लेल्या डब्यालाही तो नियम लागू होतो की नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. म्हणून ती पाळत राहिली. कधी साखर, कधी दोन बत्तासे, कधी वाचनालयामागच्या चाफ्याचे एक फूल.

आठवडा झाला नसेल. एका दुपारी खांद्यावर घोंगडी टाकलेली एक बाई कमानीच्या खांबाला टेकून बसली. ती आत आली नाही, कोणाला काही विचारले नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. सत्यशीला आली, डबा घेऊन गेली. बाईने मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिले.

केसरबाई झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "कुनाची वाट बघतीस गं माय?"

"वाट न्हाई बघत. माझा डबा कोन खातंय ते बघाया आलते."

केसरबाईंच्या हातातला झाडू खाली गेला. "तू लखनची माय?"

"व्हय. आन लखन्या कुठं हाय ते आता तुमीच सांगा, आक्का. हितं तर न्हाई."

केसरबाईंना सांगावे लागले. भामाबाई ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत. घोंगडीची एक दशी ओढून बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुला कळलं कसं पन?" केसरबाईंनी विचारले.

"न कळायला काय झालं? त्या पोरानं जलमात तांब्या उचलून ठेवला न्हाई. अन डबा येतोय आरशासारखा. वर साखर. परवा तर चाफ्याचं फूल निघालं." भामाबाईंना एवढ्यातही हसू आले. "लखन्या मला फूल धाडील व्हय? तवाच म्हनलं, ही कुनाची तरी पोर हाय. चांगल्या घरची, अन उपाशी."

"रामकिसन पाटलाची हाय. डबा बंद केलाय त्यांनी. थांब, हाक मारते तिला."

"ऱ्हाऊ द्या."

"कावून?"

"कळलं तर खायाची न्हाई ती. पाटलाची पोर, लाजंल. लाजली की घरी जाईल, मग काय उरलं?" भामाबाई उठल्या, घोंगडी झटकली. "आमची मेंढरं पाटलाच्या रानात बसत्यात. खत त्यांना, ज्वारी आमाला. त्याच ज्वारीची भाकर हाय ती. तिची तिला चालली, माझं काय गेलं? अन माझ्या लेकराला बी तिकडं कुनीतरी घालत आसंलच की."

जाताना त्यांनी खिडकीकडे पाहिले. आदिनाथराव आत उभे होते. "मास्तर, तुमी बी नका सांगू," त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली. त्यांना कोणी थेट बोलले की शब्द सापडत नसत.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावरचे वजन वाढले. एक भाकरी जास्त येऊ लागली. होळीला पुरणाची पोळी आली. परीक्षा जवळ आली तसे धपाटे आले, शेंगदाण्याचे लाडू आले. सत्यशीला ते माझ्याखाली भिंतीकडे तोंड करून खायची आणि डोळे पुसायची. मला वाटायचे, आनंदाने पुसत असेल. माझे लाकूड तसे मठ्ठच. तिच्या मनात काय चालले होते, ते मला पत्र आल्यावर समजले.

परीक्षा झाली. निकाल लागला. दूर चंद्रपूर जिल्ह्यात तिला शाळा मिळाली. शेवटच्या दिवशी तिने डबा घासला आणि त्यात हिरव्या खणाची घडी ठेवली. शिकवण्या करून तिने तो खण घेतला होता. डबा माझ्यावर टांगला, फडक्याची गाठ दोनदा तपासली आणि ती गेली. माझ्याकडे वळून पाहिले की नाही, ते आठवत नाही. पाहिले असावे.

तो खण पाहून भामाबाई समजल्या. पुन्हा डबा आला नाही.

त्यानंतर मी बराच काळ मोकळीच होते. नांदूरघाटची मुले येत, पण कमी कमी होत गेली. शहरात मेस निघाल्या, महिन्याचे पैसे भरले की गरम जेवण मिळू लागले. ते चांगलेच झाले. मुलांनी शिळी भाकरी का खावी? चौसाळ्याची खुंटी सैल झाली, चकलांब्याच्या खुंटीवर कोणीतरी ओले टॉवेल टाकू लागले. एक दिवस खांबावर नोटीस चिकटली. इमारत धोकादायक आहे. खरे तर दगडांना काही झाले नव्हते. फक्त वरच्या कौलांची काळजी कोणी घेतली नव्हती.

ते पत्र त्याच आठवड्यात आले. पत्ता असा होता : 'नांदूरघाटची खुंटी, वाचनालयाचा व्हरांडा, दुमजली, बीड.' पोस्टमन जुना होता. त्याने हसत हसत कार्ड आदिनाथरावांना दिले आणि त्यांनी माझ्यासमोर उभे राहून ते हलक्या आवाजात वाचले. माझे पत्र मला वाचून दाखवायला हवे, असे त्यांना वाटले असावे.

सत्यशीलाने लिहिले होते :

'दुमजली पाडणार असे पेपरात वाचले. म्हणून तुला लिहिते. माणसाला लिहायचे धाडस नाही, आणि तू कोणाला सांगणार नाहीस. लखनचा डबा मी चोरून खाल्ला. जसजसे दिवस गेले, तसतशी त्याची आई जास्त माया करून पाठवत गेली. लाडू खाताना मला घास उतरत नसे. एक आई आपल्या मुलासाठी करते आहे आणि मी चोर मध्ये बसून खाते आहे. तिला कधी कळले का? कळल्यावर तिने काय म्हटले? रोज वर्गात मुलांना खरे बोला म्हणून सांगते, तेव्हा मला तो डबा दिसतो. गावाकडे यावेसे वाटते, पण त्या बाईच्या दारावरून कशी जाऊ?'

उत्तर मला ठाऊक होते. पण मी खुंटी. आदिनाथरावांनाही ते ठाऊक होते. ते दोन दिवस पेन उघडून बसले. मग मला म्हणाले, "अहो, तुम्ही कोणाला सांगणार नाही म्हणून तिने तुम्हाला लिहिले. मी उत्तर दिले, तर मी वाचले हे तिला कळेल. एवढ्या वर्षांनी तिला पुन्हा लाजवायचे का? आणि भामाबाईंना शब्द दिलेला आहे." त्यांचे म्हणणे बरोबर होते की ती नुसती भीड होती, हे मला ठरवता आले नाही. त्यांनी कार्ड माझ्या मागच्या फटीत सारले.

पुढच्या सोमवारी यंत्र आले.

इमारत पडताना आवाज होतो तो सगळ्यांना ऐकू जातो. पारवे उडाले आणि दिवसभर हवेत फिरत राहिले, ते मात्र फार थोड्यांनी पाहिले असेल. मजुरांनी आमच्या रांगेतल्या सागवानी खुंट्या उपटल्या आणि त्यांच्यावर चहा उकळला. चौसाळा गेला, चकलांबा गेला. मी टोकाला होते, म्हणून उरले.

आदिनाथराव रस्त्यापलीकडे उभे होते. ती खुंटी द्या, एवढे त्यांना बोलायचे होते. आदल्या दिवशीही ते तसेच उभे राहून परत गेले होते. शेवटी केसरबाई आल्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि थेट ढिगाऱ्यात शिरल्या.

"ये बाबा, ती खुंटी दे काढून."

पहार घेतलेला मजूर म्हणाला, "कावून आजी, सोन्याची हाय का?"

"तुझ्या चहाला जळन कमी पडतंय व्हय? दे म्हनते ना."

त्याने पहार घातली. मी निघाले. कार्ड खाली पडले, तेही केसरबाईंनी झटकून उचलले आणि दोन्ही वस्तू आदिनाथरावांच्या हातात ठेवल्या. "घ्या मास्तर. तोंडानं मागावं मानसानं." त्या परत गेल्या. पुढे दोन वर्षांनी त्या वारल्या, असे मी ऐकले.

दुमजलीच्या जागी आता व्यापारी संकुल आहे. मी ते पाहिलेले नाही. आदिनाथराव रोज सकाळी तिकडे फिरायला जातात आणि आल्यावर मला थोडे थोडे सांगतात. समोर निळी काच आहे. खाली मोबाइलची आणि चपलांची दुकाने, वर शिकवणीचे वर्ग. मुले खूप येतात, हे ते आवर्जून सांगतात. पण बसायला पायरी नाही. दुकानांपुढे लोखंडी गज लावले आहेत, कोणी टेकू नये म्हणून. खेड्यावरून आलेली माणसे गाडीची वाट पाहत उन्हात उभी असतात. भिंत इतकी गुळगुळीत आहे की तिच्यावर काही अडकवता येत नाही. नाव एका मोठ्या माणसाचे आहे, तरी लोक अजून रिक्षावाल्याला 'दुमजली' म्हणूनच सांगतात. जी जागा नाही तिचा पत्ता देतात, आणि पोचतात.

मी आदिनाथरावांच्या खोलीत भिंतीवर आहे. ते एकटे राहतात. त्यांनी कार्ड पुन्हा माझ्या मागे सारले. माझ्यावर एक छत्री आणि एक कापडी पिशवी असते. छत्री पावसाळ्यातच उतरते. दिवसभर खोलीत पुस्तके असतात, मी असते, आणि पान उलटल्याचा आवाज असतो. पूर्वी केसरबाई ओरडायच्या, त्या वेळेला माझे लाकूड अजून कान देते. सवय वाईट असते.

या वर्षी, संक्रांत झाल्यावर, आदिनाथराव सकाळी फिरून आले ते एकटे नव्हते. मागे काठी टेकत एक म्हातारी होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. खांद्यावर घोंगडी.

"बसा," आदिनाथराव म्हणाले. "त्या डोळ्यांच्या दवाखान्यातून आल्या," हे त्यांनी मला सांगितले की स्वतःला, कोण जाणे.

म्हातारी म्हणाली, "दुमजली कुठं गेली म्हनून इचारीत हुते, तर सगळी पोरं मोबाइलात बघाया लागली. तुमी बरं वळखलं, मास्तर." तिने हातातले फडक्याचे गाठोडे टांगायला भिंत चाचपली. हात माझ्यावर आला. तिने गाठोडे अडकवले.

मित्रांनो, ते वजन मी ओळखले. जर्मनचा डबा, झाकणाला पोचा.

भामाबाईंचा हात माझ्यावरच थांबला. त्यांनी मला टोकापासून मुळापर्यंत चाचपले. "ही तर आमच्या गावची," त्या म्हणाल्या.

मग दोघांनी त्या डब्यातली भाकरी वाटून खाल्ली. लखन पुण्यात टेम्पो चालवतो, दिवाळीला येतो, असे कळले. "त्याला म्हनलं, तवा तुला कोन खायाला घालत हुतं रं? म्हनला, कोन घालनार, वडापाव खाल्ला." भामाबाई हसल्या. "अन मी आपली समजून बसलेले." हसून झाल्यावर त्यांनी विचारले, "पाटलाची पोर कुठं असती हो? गावाकडं फिरकली न्हाई. तिचा खण मी शिवला न्हाई अजून. ती समोर आली की शिवीन म्हनलं."

आदिनाथराव मग उठले, माझ्या मागचे कार्ड काढले आणि वाचून दाखवले. सगळे.

भामाबाईंनी पट्टी नसलेला डोळा पुसला. "अन उत्तर?"

"दिले नाही. तुम्ही सांगू नका म्हणाला होतात."

"तवा म्हनले हुते. तवा तिचं पोट भरायचं हुतं." त्यांचा आवाज चढला नाही, पण मास्तरांची मान खाली गेली. "आता न सांगून काय राखताय, मास्तर? पोर इतकी वरसं सवताला चोर म्हनतीया. माझा एक डोळा गेलाय, दुसरा ऱ्हातोय का बघायचं. तो हाय तवर येऊ द्या तिला."

त्या निघाल्या तेव्हा आदिनाथरावांनी डबा विसळला, पुसला आणि त्यात चिमूटभर साखर टाकली. भामाबाईंनी झाकण उघडून बघितले. "तुमी बी?" एवढेच म्हणाल्या.

आता मला उपदेश करायला हवा, कारण अशा कहाणीच्या शेवटी तो करतात. माझा तो अधिकार आहे असे मला वाटत नाही. एवढेच सांगते. जुनी भिंत पाडायची वेळ येते, कधी कधी पाडावीच लागते. पण पाडण्याआधी तिच्यावर काय टांगलेले आहे, ते एकदा हात लावून बघा. कोणाचे भांडे तुमच्याकडे आले, तर रिकामे परत देऊ नका. आणि कोणी काही विचारले असेल आणि उत्तर तुम्हाला ठाऊक असेल, तर माझ्यासारखे भिंतीला धरून राहू नका.

त्या रात्री मास्तरांनी पुष्कळ कागद फाडले. सकाळी एक उरला. त्यांनी तो मला वाचून दाखवला.

'सत्यशीलास, नांदूरघाटच्या खुंटीचा आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. भामाबाईंना पहिल्याच आठवड्यात कळले होते. तू डबा रिकामा परत केला नाहीस, म्हणून कळले. त्यांनी येऊन तुला लांबून पाहिले आणि तुला सांगू नका म्हणाल्या. लाडू लखनसाठी नव्हते. तुझ्यासाठीच होते. तू चोरी केली नाहीस, तू जेवलीस. तुझा खण त्यांनी शिवलेला नाही, तू आलीस की शिवणार आहेत. लवकर ये. हे मी खुंटीच्या वतीने लिहिले आहे. ज्याने लिहिले त्याने तेव्हा खिडकीतून पाहिले होते. त्याला क्षमा कर.'

खाली त्यांनी प्रथमच स्वतःचे नाव घातले. कार्डावरचा शाळेचा पत्ता पाकिटावर उतरवला आणि कार्ड पुन्हा माझ्या मागे सारले. ती अजून त्या शाळेत असेल का, बदली झाली असेल का, पत्र पोचेल का, हे प्रश्न त्यांनी मला विचारले. मी काय सांगणार? पाकीट पिशवीत घालून त्यांनी पिशवी माझ्यावर टांगली आणि चपला शोधू लागले. चपला समोरच होत्या. त्यांना त्या बराच वेळ सापडल्या नाहीत.

शेवटी त्यांनी पिशवी उतरवली. आमच्या गल्लीतली टपालपेटी केव्हाच काढून नेली आहे. मोठ्या पोस्टापर्यंत चालत जायला हवे होते. दार लागले. मी मोकळी भिंतीवर राहिले. ऊन जमिनीवरून सरकत पुस्तकांच्या कपाटापर्यंत गेले. ते वाटेतून परत येतील, असे मला दोनदा वाटले.

दार उघडले. आदिनाथराव आत आले आणि त्यांनी पिशवी माझ्यावर अडकवली.

ती हलकी होती.